खांद्याशी कठडा

बेलापूर नावाचे रेल्वे स्टेशन श्रीरामपूर शहरात आहे. बेलापूर गाव तिथून सहा-सात किलोमीटरवर, प्रवरेच्या काठी. दौंड-मनमाड लोहमार्ग 1878 मध्ये सुरू झाला तेव्हा श्रीरामपूर या नावाचे शहर नव्हतेच, म्हणून पाटीवर आमचे नाव चढले. नवखा माणूस गाडीतून उतरतो, पाटी वाचतो आणि मग गाव शोधत बसतो. त्यात नवी मुंबईतही एक बेलापूर आहे, त्यामुळे पाहुण्यांचा दुहेरी घोळ. पाटीवर काय किंवा फोटोखालच्या ओळीवर काय, लगेच विश्वास ठेवू नये, हे बेलापूरकराला जन्मतःच कळते.

०

आमच्या बाहेरच्या खोलीत दादांचा फोटो आहे. चंदनी हार, वर छोटा दिवा. दादांच्या उजव्या खांद्याशी दोन पांढऱ्या आडव्या पट्ट्या दिसतात. पहिल्यांदा आलेला माणूस चहा येईपर्यंत त्या पट्ट्यांकडे बघतो आणि विचारतो, "वडील नेव्हीत होते का?"

दादा हरेगावच्या साखर कारखान्यात काट्यावर होते. उसाच्या गाड्या मोजायचे. समुद्र त्यांनी कधी पाहिला नाही. पाण्यावर माणसे नेणारी एकच वस्तू त्यांना ठाऊक होती, पुरात गुळाची काहील.

पट्ट्या जहाजाच्या कठड्याच्या आहेत. जहाज पडद्यावरचे. पडदा यात्रेतल्या फोटोवाल्याचा.

०

हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते. भाविक ख्रिस्ती, पण पाळणे आणि रेवड्या सगळ्यांच्या. दुष्काळ उलटल्यानंतरचा, म्हणजे 1973 चा सप्टेंबर असावा. फोटोवाल्याकडे तीन पडदे होते. ताजमहाल, विमान, जहाज. विमानाला रांग होती. ताजमहालापुढे एक नवे जोडपे लाजत उभे होते, ते हलेना. जहाज रिकामे होते, म्हणून आम्ही जहाजात चढलो.

दादा हसले नाहीत. त्या काळी हसणे फोटोत धरलेले नसे. निम्मे पैसे आधी दिले, निम्मे फोटो हातात पडल्यावर. आठ दिवसांनी फोटो आला. त्या आठ दिवसांत आम्ही घरातल्या घरात तो पंचवीस वेळा पाहिला.

०

1943 मध्ये अमेरिकेत एडविन लँड नावाच्या संशोधकाने आपल्या तीन वर्षांच्या मुलीचा फोटो काढला. मुलीने विचारले, तो आत्ताच का दिसत नाही? त्या प्रश्नातून पोलरॉइड कॅमेरा निघाला आणि 1948 मध्ये बोस्टनच्या एका दुकानात विकायला आला. शहाणे मूल, पण तिच्या प्रश्नाने जगाचे आठ दिवस गेले.

०

दादा 1988 मध्ये गेले. त्यांचा दुसरा फोटो नव्हता. स्टुडिओवाल्याने जहाजातला फोटो घेतला आणि छातीपर्यंतचा भाग मोठा करून दिला. मूळ फोटोत मी त्यांच्या कमरेशी उभा आहे. मोठ्या फोटोत मी बसत नव्हतो. कठडा मात्र खांद्याच्या उंचीवर होता, तो बसला.

फोटो मोठा करताना कोण आत राहील आणि कोण बाहेर, हे नाते ठरवत नाही. उंची ठरवते.

०

मुंबईचा गेटवे जहाजाने आलेल्या राजाच्या आठवणीसाठी बांधला. पंचम जॉर्ज डिसेंबर 1911 मध्ये तिथे उतरला तेव्हा कमान तयार नव्हती. राजाला पुठ्ठ्याची प्रतिकृती तेवढी दिसली, असे सांगतात. खरी कमान 1924 मध्ये पुरी झाली. म्हणजे आमच्या यात्रेतल्या फोटोवाल्यांना लाजायचे कारण नाही. राजालाही पडद्यापुढेच उभे केले होते.

आज त्याच फरसबंदीवर गळ्यात कॅमेरा आणि खांद्यावरच्या पिशवीत छोटा प्रिंटर घेतलेले फोटोवाले फिरतात. मिनिटात फोटो हातात. त्याआधीच्या पिढीतले फोटोवाले पैसे घेत, वहीत पत्ता लिहून घेत आणि फोटो पोस्टाने धाडत. कुठल्या तरी खेड्यातला माणूस मुंबईत, समुद्राच्या तोंडाशी, अनोळखी माणसाच्या हातात पैसे ठेवून गाडीत बसायचा. फसला तर फसला. तरी तो धंदा चालला. त्यात विकली जाणारी पहिली वस्तू फोटो नव्हती, भरवसा होता. प्रिंटर आल्यावर भरवशाची गरज संपली. सोय झाली, हे खरे.

०

भाचा सिंगापूरला असतो. त्याने आम्हा दोघांना जहाजावर नेले. चार दिवस, तीन रात्री.

जहाजावर चढताना दहा पावलांत दोन कॅमेरे लागतात. पहिला ओळखपत्राचा. तिथला माणूस म्हणतो, हसू नका. दुसरा आठवणीचा. तिथला म्हणतो, हसा. पहिला फुकट आहे. पैसे हसण्याचे पडतात.

०

त्या दुसऱ्या कॅमेऱ्याला टाळून जाता येत नाही. वाट तिथेच अरुंद केलेली असते. एक गोल टायर, त्यावर जहाजाचे नाव, मागे रंगवलेले निळे आकाश. खरे आकाश दोन हातांवर, पण त्याचा भरवसा नाही, ढग येतात. फोटोवाला विचारत नाही की काढू का. विचारले तर माणूस नको म्हणेल. ज्याला विचारलेच नाही त्याला नाही म्हणण्याची जागाच मिळत नाही.

पैसे मागत नाही, हीच खरी मेख. काढताना फुकट. बघतानाही फुकट. फुकटाच्या दोन पायऱ्या चढून माणूस तिसऱ्या पायरीवर उभा राहतो आणि तिथून खाली बघायला त्याला लाज वाटते.

०

"जवळ या," फोटोवाला म्हणाला. इंग्रजीत म्हणाला, पण हाताने दाखवले. आमच्या लग्नाला तेव्हा चौतीस वर्षे झाली होती. त्या चौतीस वर्षांत आम्हाला जवळ या असे कोणी म्हटले नव्हते. ही खुदकन हसली, तेवढ्यात कॅमेरा वाजला.

काश्मीरला जाऊन आलेल्या प्रत्येक मराठी घरात एक फोटो असतो. सासूबाई फिरन घालून, डोक्याला झुपके लावून, हातात फुलांची टोपली. संध्याकाळी तो हॉटेलवर पोचतो आणि पैसे दिले जातात. लोक त्याला हसतात, पण तो अल्बममधून कोणी काढत नाही. परक्याच्या हुकमाने माणूस जे करतो ते त्याने स्वतःहून कधीच केले नसते. तेवढ्यासाठी परका लागतो.

०

चार दिवसांत किती फोटो काढले, मोजले नाहीत. जेवताना. जिन्यावर. कॅप्टनच्या शेजारी, तो कॅप्टन असावा, पोशाख तरी तसा होता. बंदरावर उतरताना चाच्याच्या वेशातल्या एकाने लाकडी तलवार माझ्या गळ्याशी धरली. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. चाळीस वर्षे पोरांना भांडू नका म्हणत आलो. फोटोत मी तलवारीकडे बघून हसतो आहे.

०

रात्री जेवण झाले की सगळे जहाजावरच्या फोटोंच्या दालनात जातात. भिंतीच्या भिंती फोटोंनी भरलेल्या. आपला कुठे आहे ते आपणच शोधायचे. यात्रेत हरवलेल्या पोराला शोधतात तसे लोक स्वतःला शोधत असतात. शोधता शोधता आपण शेकडो अनोळखी माणसांना हसताना पाहतो आणि त्यातल्या एकाही हसण्यावर आपला विश्वास बसत नाही. मग आपला सापडतो. तो मात्र खरा वाटतो.

०

त्या भिंतीवर विकतात काय? कागद नव्हे, त्याला किंमत ती किती. आपला चेहरा म्हणावा, तर तो घरून आणलेला. विकतात ती एक अस्वस्थता. आपला हसरा चेहरा परक्या भिंतीवर टांगलेला आहे, येणारा जाणारा बघतो आहे, आणि तो सोडवून आणायला काही रक्कम लागते. पूर्वी सावकाराकडे भांडी ठेवत. भांडी निदान आपण होऊन नेलेली असत.

०

बरेच फोटो खपणार नाहीत हे किमतीत आधीच धरलेले असते. घेणारा न घेणाऱ्यांच्याही फोटोंचे पैसे भरतो. आमच्या बाजारातली भाजीवालीही सडणारी वांगी भावात धरते. फरक इतकाच की त्या वांग्यांना तोंड नसते.

०

आता बऱ्याच मोठ्या जहाजांवर भिंती गेल्या. पडद्यासमोर उभे राहिले, किंवा कार्ड टेकवले, की यंत्र चेहरा ओळखते आणि तुमचे सगळे फोटो समोर मांडते. भिंतीवर आपण स्वतःला शोधायचो, आता भिंतच आपल्याला शोधून काढते. अनोळखी माणसांना हसताना बघायची सक्ती गेली. कागद वाचला. न विकलेला फोटो आता फाडावासुद्धा लागत नाही.

खिशाखिशात फोन असताना हा धंदा चालतो कसा? चालतो, कारण घरातला फोटो काढणारा घराच्या फोटोत नसतो. माझ्या मुलांच्या लहानपणीच्या अल्बममध्ये मी जवळजवळ नाही. कधी कधी माझी सावली आहे, पुढे गवतावर पडलेली.

०

आमच्यापासून शिर्डी तासाभराच्या वाटेवर. बाबा 1918 च्या दसऱ्याला गेले. त्यांच्या हयातीतले फोटो बोटांवर मोजण्याइतके, आणि त्या मोजक्यांच्या प्रती आज रिक्षापासून सराफाच्या पेढीपर्यंत. जहाजावर उलटे. एका माणसाचे चार दिवसांत चाळीस फोटो आणि पाचव्या दिवशी एकही नाही.

पंढरपुरात स्टुडिओत विठोबाच्या पडद्यापुढे वारकरी कुटुंब उभे राहते. देवळात तसा फोटो मिळणार नाही हे त्यांना ठाऊक असते. पडदा खोटा आहे हेही ठाऊक असते. घरी गेल्यावर त्या फोटोला नमस्कार करतात, आणि त्यात ते स्वतः असतात. स्वतःच्या फोटोला हात जोडण्याची ही एकच सभ्य रीत मी पाहिली.

०

गावच्या स्टुडिओवाल्याच्या टेबलाला एक खण आहे. त्यात न्यायला न आलेले फोटो. पासपोर्ट साइजचे, चार-चारच्या पट्टीत. बायोडेटासाठी काढलेले, साडी नेसून, कुंडीशेजारी उभे. कोणाचे लग्न दुसरीकडे जमले, कोणाची भरती हुकली, कोणाकडे त्या महिन्यात पैसे नव्हते. मी एकदा त्याला म्हटले, टाकून का देत नाहीस?

"फोटो टाकायचा नसतो गुरुजी. गिऱ्हाईक येतं. तो नाही आला तर त्याचा पोरगा येतो."

०

पोरगा येतो तो बहुधा रात्री येतो. सकाळी गेलेल्या माणसाचा फोटो दहाव्याला लागतो, चौकातल्या फ्लेक्सला तर दुसऱ्याच दिवशी. घरात शोधाशोध होते. लग्नाच्या अल्बममध्ये आजोबा कुठे तरी पंगतीत सापडतात, तोंडात घास. भाच्याच्या मोबाइलमध्ये अर्धे सापडतात, अर्धे दाराआड. शेवटी आधार कार्ड निघते. आधार कार्डावर सज्जनातला सज्जन माणूस नुकताच पकडून आणल्यासारखा दिसतो. स्टुडिओवाला त्याला टोपी घालतो, सदरा चढवतो, मागे निळे आकाश भरतो, डोळे जरा उघडतो. सकाळी सहाला फ्लेक्स तयार. चौकातून जाणारा म्हणतो, हे कोण? मग खालचे नाव वाचतो आणि थांबतो.

अशा रात्री त्या खणातून कधी कधी एखादा फोटो निघतो. पंधरा वर्षांपूर्वीचा, न नेलेला. माणूस सरळ बघतो आहे, केस विंचरलेले, कॉलर नीट. त्या फोटोचे पैसे स्टुडिओवाला घेत नाही असे म्हणवत नाही, तो घेतो. पण पंधरा वर्षांपूर्वीच्या भावाने घेतो.

०

फोटो काढल्या दिवशी निरुपयोगी असतो. समोर माणूस आहे, मग चित्र कशाला? दर वर्षी त्याची किंमत थोडी वाढते, आणि एके दिवशी एकदम इतकी वाढते की मोजता येत नाही. किंमत सर्वांत कमी असते त्या रात्रीच तो सर्वांत महाग विकणे, हे जहाजाचे कसब. त्याला दुसरा इलाजही नाही. जहाज थांबू शकत नाही. खण असायला गाव लागते.

०

तिसऱ्या रात्री हिने मला भिंतीपाशी ओढत नेले. डेकवर काढलेला एक फोटो. वाऱ्याने माझे केस उडालेले, मी जरा रागावल्यासारखा, उजव्या खांद्याशी पांढरा कठडा. दोन आडव्या पट्ट्या.

"अगंबाई, हे तर मामंजी," ही म्हणाली.

०

किंमत खाली चिकटवलेली होती. मनात रुपये केले. शिक्षकाला गुणाकार लवकर येतो, हा शिक्षकाचा शाप. तेवढ्या पैशात गावाकडे काय काय येते याची यादी आपोआप तयार झाली, त्यात सिलिंडर होता, खताची गोणी होती. आम्ही पुढे गेलो. पाणी प्यायच्या निमित्ताने मी परत आलो. पुन्हा पाहिला.

काउंटरवरचा पोरगा सावंतवाडीकडचा निघाला. आठ महिन्यांच्या करारावर. म्हणाला, "काका, एकदा बघणारे घेत नाहीत. दोनदा बघणारे तिसऱ्यांदा येतात. तुमचे दोन झाले."

अशा वेळी माणूस हट्टाला पेटतो. आपला स्वभाव कोणी इतक्या स्वस्तात ओळखावा हे सहन होत नाही. मी गेलो नाही. काटकसर म्हणून मी जे काही मिरवले त्यातला निम्मा भाग हा असला होता.

०

शेवटच्या सकाळी मी गेलो. तिसऱ्यांदा.

भिंत रिकामी होती. नुसत्या खाचा. पोरगा फडके फिरवत होता. "रात्रीच काढले काका. न गेलेले फाडतात, नियम आहे. दुपारी नवे लोक चढतात ना." मी विचारले, पुन्हा छापून मिळेल का? त्याने मान हलवली. मग, काही तरी द्यावे म्हणून असेल, त्याने मला जहाजाचे चित्र असलेले एक रिकामे पाकीट दिले. फोटो घालायचे.

यात्रेतल्या फोटोवाल्याने निम्मे पैसे आधी घेतले होते ते किती बरे केले होते. गुंतलेला माणूस फोटो न्यायला येतोच.

०

गावी आल्यावर दसऱ्याच्या साफसफाईत दादांची फ्रेम खाली काढली. काचेमागे बुरशीचा एक ठिपका आला होता, कठड्याच्या खालच्या पट्टीवर. फ्रेम घेऊन स्टुडिओत गेलो. त्याने मागचे खिळे काढले, फोटो अलगद सोडवला, दिव्याखाली धरला.

"जहाज कसं होतं, गुरुजी?"

सांगितले. भिंत सांगितली, पोरगा सांगितला, रिकामे पाकीट दाखवले. त्याने पाकीट उलटसुलट केले आणि खुर्ची पुढे ओढली.

"बसा. दीडशे रुपये. मागं जहाज टाकून देतो. कुठलं पाहिजे ते सांगा, माझ्याकडं आठ आहेत."

त्याने कॉम्प्युटरवर आठही दाखवली. एकाला कारंजी होती. एकाच्या मागे सूर्य मावळत होता. माझ्या जहाजासारखे एकही नव्हते.

"जहाज नको," मी म्हटले. "खांद्याशी कठडा तेवढा येऊ दे. दोन पट्ट्या."

त्याने दादांच्या फोटोकडे पाहिले, मग माझ्याकडे. दिवा माझ्या बाजूला वळवला.

"हनुवटी जरा वर, गुरुजी. हसू नका."